कांत, मनोज आणि आवडाबाई: मराठी नावांतलं प्रेम

मराठी घरांत मनोज नावाचा एखादा काका, मामेभाऊ नाहीतर शाळासोबती असतोच. कुणी बँकेत असतो, कुणी गावाकडे शेती बघतो. मनोज म्हणजे काय, असं विचारलं तर ‘मनात जन्मलेला’ इतपत उत्तर मिळतं. मनात जन्मतो तो कोण, हे पुढे कुणी विचारत नाही. तो कामदेव. ‘मनसिज’ हे मदनाचं नाव अमरकोशात आहे आणि मनोज हा त्याचाच जुळा शब्द. चारचौघांत प्रेमाचा उच्चारही न करणाऱ्या घरांनी पोराला खुशाल प्रेमदेवतेचं नाव ठेवलं आणि ते कुणाच्या गावीही नाही.

मराठी नावांत प्रेम भरपूर आहे, फक्त ते वेगवेगळ्या वाटांनी आलेलं आहे. शृंगार बहुधा संस्कृतच्या पडद्याआडून येतो, माया उघडपणे येते, आणि कोशातला अर्थ एक असताना घरातला दुसराच निघतो.

मदनाचा गोतावळा

कामदेवाची नावं मोजायला बसलं तर बारशाची वही भरेल. मदन म्हणजे धुंद करणारा. मन्मथ म्हणजे मन घुसळून काढणारा. शंकराने तिसरा डोळा उघडून त्याला जाळलं, देह उरला नाही, म्हणून तो अनंग. ध्वजावर मकर, म्हणून मकरध्वज. या शेवटच्या नावाचं पारा-सोन्याचं एक आयुर्वेदिक औषधही आहे, त्यामुळे मुलाला ते ठेवायला सहसा कुणी धजावत नाही.

खरी गंमत त्याच्या बाणांत आहे. कामदेवाचे बाण फुलांचे आणि संख्येने पाच. परंपरेने सांगितलेली ती फुलं म्हणजे कमळ, अशोक, आंब्याचा मोहर, नवमल्लिका आणि नीलकमळ. यादीतल्या कमळाला संस्कृतात शब्द आहे अरविंद. म्हणजे आपल्या आळीतले अरविंदराव आणि अशोकराव हे दोघेही मदनाच्या भात्यातले बाण. निवृत्तीनंतर सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून भांडणाऱ्या या दोघांकडे बघून तसं वाटत नाही, ही गोष्ट वेगळी.

मदनाच्या बायकोच्या, म्हणजे रतीच्या वाट्याला मात्र मराठीत बारसं फारसं आलं नाही. गुजरातीत रतिलाल सर्रास चालतो. आपल्याकडे ‘रतिसुख’सारख्या शब्दांमुळे ते नाव अवघडलं असावं. ‘कामिनी’ हे नाव आधीच्या पिढ्यांत होतं, आता मागे पडलं आहे.

तेच नाव, देव दुसरा

प्रद्युम्न हा कृष्ण-रुक्मिणीचा मुलगा. पुराणं सांगतात की जळून गेलेला कामदेवच त्याच्या रूपाने पुन्हा जन्माला आला. त्याचा मुलगा अनिरुद्ध. बाणासुराची मुलगी उषा या अनिरुद्धाला स्वप्नात पाहून त्याच्यावर भाळली, आणि तिची सखी चित्रलेखा हिने त्याला झोपेत पलंगासकट उचलून आणलं. म्हणजे बाप कामदेव आणि मुलाची प्रेमकथा अशी. तरीही मराठी ब्राह्मण घरांत ही दोन नावं आली ती संध्येतून. आचमनाच्या वेळी विष्णूची जी 24 नावं घेतात त्यांत वासुदेव, संकर्षण यांच्या ओळीत प्रद्युम्न आणि अनिरुद्ध आहेत. नाव निवडणाऱ्या आजोबांच्या डोळ्यांपुढे विष्णू होता, मदन नव्हता.

मराठवाड्यात तर याहून सरस उदाहरण आहे. तिथल्या लिंगायत घरांत मन्मथ, मन्मथअप्पा ही नावं भेटतात. शंकराच्या भक्तांनी शंकराच्याच वैऱ्याचं नाव ठेवावं, हे कोड्यात टाकणारं आहे. त्याचं उत्तर बीड जिल्ह्यातल्या कपिलधारला मिळतं. ‘परमरहस्य’ लिहिणारे वीरशैव संतकवी मन्मथस्वामी यांची समाधी तिथे आहे, आणि मुलांची नावं त्यांच्यावरून ठेवली जातात. तिथल्या माणसाला मन्मथ म्हटलं की स्वामी आठवतात.

चंद्रकांत, लक्ष्मीकांत आणि एक धातू

मराठी माणसाच्या नावातलं सर्वांत पसरलेलं आणि सर्वांत दुर्लक्षित प्रेम कुठे असेल तर ते ‘कांत’मध्ये. संस्कृतातल्या ‘कम्’ म्हणजे प्रेम करणे, इच्छिणे या धातूपासून काम, कामना, कमनीय हे शब्द आले आणि कांतही तिथूनच आला. कांत म्हणजे आवडलेला, प्रिय. म्हणून पती. लक्ष्मीकांत, रमाकांत, उमाकांत यांत देवीचा प्रियकर उभा आहे. विष्णूची ओळख त्याच्या पराक्रमावरून न देता बायकोच्या आवडीवरून द्यायची, ही कल्पना मला तरी फार सुंदर वाटते. चंद्रकांत आणि सूर्यकांत ही तर रत्नांची नावं. चंद्रकांत मणी चंद्रकिरणांनी पाझरतो आणि सूर्यकांत सूर्याच्या उन्हाने पेटतो, असं काव्यांत सांगतात. कोल्हापूरच्या मांढरे बंधूंनी मराठी पडद्यावर ही जोडी अजरामर केली.

एका प्रसिद्ध जोडीकडे मात्र या दृष्टीने कुणी पाहिल्याचं दिसत नाही. 1963च्या ‘पारसमणी’पासून हिंदी चित्रपटसंगीत गाजवणारे लक्ष्मीकांत-प्यारेलाल. पहिले लक्ष्मीकांत कुडाळकर, मूळचे आपल्या कोकणातले. दुसरे प्यारेलाल शर्मा. एकाच्या नावात संस्कृत ‘प्रिय’, दुसऱ्याच्या नावात हिंदी. त्यांच्या गाण्यांइतकी नावंही एका सुरातली होती.

‘वल्लभ’चा अर्थही प्रियच. ‘रमण’, ‘रमा’, ‘रमेश’ यांत रमणं आहे, आणि तो शब्द मराठीत अजून रोजच्या वापरात आहे.

तेल, रंग, माया

भाववाचक नावांत मूळ अर्थ खोदून काढायला मजा येते. स्नेह म्हणजे आधी तेल, तूप, ओशटपणा. वैद्य स्नेहन करतात ते याच अर्थाने. चिकटतं, मऊ करतं, म्हणून पुढे स्नेह म्हणजे जिव्हाळा. स्नेहा, स्नेहल, स्नेहलता, स्नेहप्रभा ही सगळी त्याची लेकरं. स्नेहल हे नाव मुलाचं की मुलीचं, हा घोळ कायमचा आहे. महाराष्ट्रात मुली जास्त, गुजरातेत मुलगे बरेच. संगीतकार स्नेहल भाटकर (1919 ते 2007) यांचं खरं नाव वासुदेव. मुलगी स्नेहलता, तिच्या नावावरून त्यांनी स्वतःसाठी हे नाव घेतलं. बापाचं नाव मुलीच्या नावापुढे लागतं ही आपली रीत. इथे मुलीचं नाव बापाने लावलं आणि त्याच नावाने तो ओळखला गेला.

अनुरागात ‘राग’ आहे. संस्कृतात राग म्हणजे रंग, त्यातही लाली, आणि मन रंगलं की ती आसक्ती. मराठीत राग संतापाकडे वळला, त्यामुळे अनुराग नावाचा मुलगा चिडला की घरात विनोद ठरलेला.

माया हा शब्द तर मराठीने आपलासा करून टाकला आहे. वेदान्तात माया म्हणजे भ्रम. आपल्याकडे आईची माया, माया लावणे, मायेचं माणूस. शिंपी कापड बेतताना शिवणीच्या आत थोडं कापड जास्तीचं ठेवतो, पुढे सैल करायला. त्यालाही मायाच म्हणतात. ‘दोन बोटं माया सोड’ हे वाक्य शिवणाच्या क्लासात रोज ऐकू येतं. बौद्ध घरांत माया या नावाला आणखी एक मान आहे, सिद्धार्थ गौतमाच्या आईचा. ममता म्हणजे ‘माझं’पणा, आणि संतांनी ते सोडायला सांगितलं, आयांनी तेच मुलीला नाव म्हणून दिलं.

वत्सला गोठ्यातून आली. वत्स म्हणजे वासरू. वासराला बघून गाईला पान्हा फुटतो तो भाव म्हणजे वात्सल्य. बलरामाची मुलगी वत्सला आणि अभिमन्यू यांची लग्नाची कथा आख्यानांतून गावोगाव पोहोचली होती, त्यामुळे आजीच्या पिढीत वत्सला घरोघर दिसे. हाक मारताना तिची वच्छी होई, आणि वच्छीपर्यंत येताना गायही गेली, बलरामही गेला.

प्रेम, प्रिया, प्रीती, सुप्रिया ही नावं उघड अर्थाची, त्यांच्यावर फार लिहिण्यासारखं नाही. एक नाव मात्र सांगायलाच हवं. गांधीजींच्या अनुयायी आणि सासवडच्या आश्रमात राहून काम केलेल्या प्रेमा कंटक. नाव प्रेमा, आडनाव काटा. कादंबरीकाराने असं नाव पात्राला दिलं असतं तर संपादकाने अतिशयोक्ती म्हणून खोडलं असतं.

‘प्रणय’ हे अलीकडचं लाडकं मुलाचं नाव. संस्कृतात त्यात जिव्हाळा आणि आर्जव दोन्ही आहे. मराठी वर्तमानपत्रांनी मात्र तो शब्द ‘प्रणयदृश्या’पुरता वापरून ठेवला, म्हणून बारशाला आजीच्या भुवया वर जातात. तिला ‘प्रणव’ ऐकू आलं तर बरंच.

अर्थात नाही, गोष्टीत आहे

राधा या शब्दाच्या मुळाशी सिद्धी, समृद्धी आहे, प्रेम नाही. अनुराधा तर नक्षत्र, राधेच्या म्हणजे विशाखेच्या मागून येणारं. रुक्मिणी म्हणजे सोन्याची. शकुंतला म्हणजे शकुंत पक्ष्यांनी सांभाळलेली. दमयंतीतही प्रेम शोधून सापडत नाही. पण ही नावं उच्चारली की प्रेमकथाच समोर येते.

यांतल्या रुक्मिणी आणि दमयंती विदर्भाच्या लेकी. अमरावती जिल्ह्यातलं कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर मानतात आणि तिथून तिची पालखी दरवर्षी पंढरपूरला जाते. लग्न ठरलं होतं शिशुपालाशी. हिने कृष्णाला पत्र धाडलं की येऊन घेऊन जा. एकनाथांनी 1571 मध्ये यावर ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचलं. आणि पुढे झालं असं, की लग्न लवकर जमावं म्हणून उपवर मुलींना हा ग्रंथ वाचायला बसवू लागले. आईबापांनी ठरवलेल्या लग्नासाठी पळून गेलेल्या मुलीच्या गोष्टीचं पारायण! यातली विसंगती कुणालाच खुपली नाही, कारण पळवणारा विठ्ठल होता.

उलट मराठी सिनेमातली अलीकडची सर्वांत गाजलेली प्रेमी जोडी घ्या. ‘सैराट’ (2016) मधले आर्ची आणि परश्या, म्हणजे अर्चना आणि प्रशांत. एकीच्या नावात पूजा, दुसऱ्याच्या नावात शांतता. हिंदीत मात्र 1989च्या ‘मैंने प्यार किया’पासून सूरज बडजात्यांचा नायक पुन्हा पुन्हा ‘प्रेम’ याच नावाने आला.

मराठी साहित्यात कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांचा पत्रव्यवहार ‘कुसुमानिल’ या नावाने पुस्तकरूपात आहे. फूल आणि वारा. सुटी नावं प्रेमाविषयी काहीच बोलत नाहीत, संधी झाला आणि बोलली. पुण्याच्या जुन्या बंगल्यांच्या पाट्यांवर असे नवरा-बायकोच्या नावांचे संधी पुष्कळ दिसायचे. व्याकरण बहुतेक वेळा रजेवर असायचं.

मेहबूब, मेहेर, डेव्हिड, फिलोमिना

महाराष्ट्रातल्या मुसलमान घरांत मेहबूब, हबीब, शफीक ही प्रेमाच्या कुळातली नावं. मेहबूब म्हणजे ज्याच्यावर प्रेम केलं जातं तो. दख्खनमध्ये हे नाव पसरलं त्यात सूफी भक्तीचा हात मोठा: बगदादचे अब्दुल कादिर जीलानी यांना ‘महबूब-ए-सुबहानी’ म्हणतात, ईश्वराचे लाडके. मराठवाडा ज्यांच्या राज्यात होता त्या सहाव्या निजामाचं नावही मीर महबूब अली खान. ‘वदूद’ हे अल्लाहच्या 99 नावांपैकी एक, प्रेम करणारा. त्यावरून अब्दुल वदूद.

फारसीतल्या ‘मेहेर’मध्ये प्रेम, कृपा आणि सूर्य एकत्र नांदतात. मराठीत मेहेरबानी आणि मेहेरनजर तिथूनच आल्या. पुण्यात 1894 मध्ये जन्मलेले मेरवान शेरियार इराणी पुढे मेहेरबाबा झाले. नगरजवळच्या मेहेराबादला त्यांची समाधी आहे, त्यामुळे एका फारसी शब्दाचं गावच नगर जिल्ह्यात वसलं.

डेव्हिड या हिब्रू नावाचा अर्थ ‘लाडका’ असा लावतात. कोकणच्या बेने इस्राएल समाजात ते जुनं नाव. ‘बूट पॉलिश’ (1954) मधले जॉन चाचा आठवतात ना? पडद्यावर नुसते डेव्हिड. पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. नाव जेरुसलेमकडचं, आडनाव अलिबागजवळच्या चौलचं. वसई आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत फिलोमिना भेटते, ग्रीकमध्ये ‘प्रिय’. नांदेडच्या शीख मोहल्ल्यांत हरप्रीत, गुरप्रीत, मनप्रीत. तिथे ‘प्रीत’ भगवंतावरची, आणि नाव मुलालाही चालतं, मुलीलाही.

दिलीप मात्र या यादीत येत नाही, जरी ऐकताना ‘दिल’ ऐकू येत असलं तरी. तो रघूचा बाप, पक्का संस्कृत.

आडनावांत प्रेम का नाही?

आडनावांकडे वळलं की हाती फारसं लागत नाही. मराठी आडनाव येतं गावावरून, वतनावरून, धंद्यावरून किंवा टोपणनावावरून. गाव-वतनात प्रेमाचा संबंध नाही, आणि टोपणनावं ठेवणारे शेजारी असतात. शेजाऱ्यांना माणसाची खोड दिसते. म्हणून कडू आहेत, तिखे आहेत, आगलावे आहेत. जवळात जवळ जाणारं म्हणजे गोडबोले, आणि तेही जिभेचं कौतुक आहे, काळजाचं नाही.

जी आडनावं प्रेमाची वाटतात ती फसवी निघतात. प्रियोळकर घ्या. मुद्रणकला आणि गोव्याचा इतिहास यांवर मूलभूत काम करणारे अ. का. प्रियोळकर यांचं आडनाव ‘प्रिय’वरून नाही, फोंडा तालुक्यातल्या प्रियोळ गावावरून आहे. मंगेशीचं देऊळ याच प्रियोळात, त्यामुळे प्रियोळकर आणि मंगेशकर ही आडनावं एकाच परिसरातली. ‘लाड’चंही तसंच. कौतुकाचा लाड आपल्याला आधी आठवतो, पण खानदेशातल्या लाडशाखीय वाण्यांसारख्या समाजांच्या नावातला लाड हा लाट देशाशी, म्हणजे दक्षिण गुजरातशी जोडला जातो. हे आडनाव अनेक जातींत आहे: मुंबईचे भाऊ दाजी लाड मूळचे गोव्याचे, आणि तूफान सेनेचे जी. डी. बापू लाड सांगली जिल्ह्यातल्या कुंडलचे.

खरोखर प्रेमाचं आडनाव हवं तर गुजराती-कच्छी व्यापाऱ्यांकडे जावं लागतं, कारण तिथे पूर्वजाचं नावच पुढे आडनाव होऊन बसतं. प्रेमजी हे तसलं. जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला 1945 मध्ये वनस्पती तुपाचा कारखाना काढणारे प्रेमजी. आजची विप्रो कंपनी त्याच रोपाचं झाड.

लाडाची नावं

मराठी माणूस प्रेम दाखवतो ते पाळण्यातल्या नावापेक्षा हाकेच्या नावात. सोनू, छकुली, बाळ, चिमा, राजा. जुन्या पिढीत हीच लाडाची नावं पाळण्यातही जात: आवडाबाई, लाडूबाई, सखूबाई, सखाराम. आवडाबाई हे माझं लाडकं. संस्कृतचा आधार न घेता, धातू न शोधता, ‘ही आम्हाला आवडली’ इतकंच सांगणारं नाव, आणि तेही मुलगी झाली की घर गप्प होण्याच्या काळात. सखूमध्ये मैत्री आहे. कऱ्हाडची संत सखू पंढरीला गेली तेव्हा विठ्ठल तिचं रूप घेऊन तिच्या सासरी राबला अशी कथा आहे. ‘प्रभात’ने 1941 मध्ये तिच्यावर बोलपट काढला.

जिवा, जिवाजी, जिवबा यांत जीव आहे. जीव लावणे, जीव जडणे, जिवलग असं प्रेमाविषयी मराठी जेव्हा जेव्हा मनापासून बोलते तेव्हा हाच शब्द येतो. प्रतापगडावरच्या जिवा महालाला अफझलखान प्रसंगानंतर म्हणच मिळाली: होता जिवा म्हणून वाचला शिवा.

नाव ठेवताना

रास बघून नाव ठेवणाऱ्यांची एक सोय आहे आणि एक अडचण. ‘प’ची सगळी अक्षरं, म्हणजे उत्तरा फाल्गुनीची पा-पी, हस्ताचं पू, चित्राची पे-पो, कन्या राशीत पडतात. म्हणून प्रिया, प्रीती, प्रेमा, प्रणय सगळे कन्येचे. बाळाची रास दुसरी असेल तर नावरस नाव वेगळं आणि हाकेचं वेगळं, ही जुनी पळवाट खुली आहेच. स्नेहाला ‘से’ धरून पूर्वाभाद्रपदेत, कुंभेत बसवतात.

लग्नात सुनेचं नाव बदलण्याची रीत अजून काही घरांत आहे. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं. घरातल्या थोरल्या जावेचं नाव प्रेमा असेल तर धाकटीला स्नेहा, असा यमकाचा सोस पुष्कळ ठिकाणी चालला. हल्लीच्या मुली आपलं नाव सोडत नाहीत, मग नवरा तांदळात तिचं आहे तेच नाव लिहितो. बरं करतो.

लेखनाचं म्हणाल तर प्रीती, पहिली दीर्घ. ‘प्रिती’ लिहिणारे हजारो आहेत आणि एकदा दाखल्यावर तसं छापलं की दहावीच्या मार्कशीटपर्यंत ते तसंच जातं. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण नाव ठरलं नसेल तर नावाशिवाय करता येते. नाव नंतर घालायला पहिल्या 12 महिन्यांत शुल्क नाही, पुढे विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत घालता येतं. तेव्हा आत्या आणि मावशी यांचं एकमत होईपर्यंत थांबायला हरकत नाही.